फर्माइशीच्या कार्डावरचं चौथं नाव

रविवारी सकाळी दहाच्या आत भागवतनं तीन कप चहा प्यायला, दोनदा दाराबाहेर जाऊन रस्ता बघितला आणि कालच धुतलेली मोटारसायकल पुन्हा पुसायला काढली. त्याची बायको उज्वला आत भाकरी थापत होती. तिनं तिथूनच आवाज दिला, "काय ओ, पायाला भिंगरी लागली का? बसा की एका जागी. तुमच्याकडं बघून माझंच डोकं गरगरायलंय."

भागवतला बसवत नव्हतं. लातुरात एका डाळमिलमध्ये तो मिस्त्री होता. आठवडाभर तुरीच्या धुरळ्यात आणि मशिनच्या धडधडाटात काढायचा आणि रविवारी दुपारपर्यंत घोरत पडायचा. हा रविवार मात्र मोबाइलनं नासवला होता.

झालं असं, की मुदखेडच्या शाळेतल्या जुन्या पोरांचा एक ग्रुप निघाला होता. पोरं कसली, त्रेपन्न-चोपन्नचे बाप्ये. कुणाला शुगर, कुणाला गुडघे. ग्रुप काढला रविकांतनं. तो मुदखेडलाच मास्तर. त्याला वर्गात एका पोरीनं विचारलं होतं, "सर, नेट नव्हतं तेव्हा तुम्ही टाइमपास कसा करत होता?" मास्तरनं तोच प्रश्न ग्रुपवर टाकला, "सांगा रे, काय करत होतो आपण?"

मग काय विचारता! ज्यांनी शाळेत कधी दोन ओळींचं उत्तर लिहिलं नव्हतं, त्यांनी निबंध लिहिले. कुणाला स्टेशनवरच्या चकरा आठवल्या, कुणाला तासाच्या भाड्यानं घेतलेली सायकल, कुणाला गणपतीत भाड्यानं आणलेला व्हीसीआर. मग कुणीतरी जंक्शन श्रोता मंडळाची आठवण काढली, आणि त्यावर रविकांतनं लिहिलं, "आपला हिरो सुदर्शन! शिवगंगाचं नाव रेडिओवर आणलं आणि वीरण्णाच्या हातचा मार खाल्ला!" खाली हसून लोळणारी तोंडं आली. एक, दोन, चौदा.

सुदर्शन त्या ग्रुपमध्येच होता. नांदेडला त्याचं शिवणकामाचं दुकान आहे. दहा मिनिटांनी बारीक अक्षरांत एक ओळ उमटली, सुदर्शन ग्रुप सोडून गेला.

भागवतनं हातातला मोबाइल पालथा ठेवला. कारण शिवगंगाचं नाव सुदर्शननं टाकलंच नव्हतं. भागवतनं टाकलं होतं. खाई त्याला खवखवे म्हणतात ना, भागवतला चौतीस वर्षं खवखवत होतं.

आता हे श्रोता मंडळ काय होतं, ते आजच्या पोरांना सांगून पटायचं नाही. एक्क्याण्णव सालचं मुदखेड. बारावी झालेली, नोकरी नसलेली, शेतात पाय ठेवायला नको म्हणणारी पाच-सहा पोरं. फुरसत एवढी, की तिचं करायचं काय हेच कळत नव्हतं. संध्याकाळी सगळे स्टेशनवर. जायचं कुठंच नाही, पण गाडी आली की उभं राहायचं आणि गाडी गेली की बसायचं. पुस्तकांच्या स्टॉलवर उभ्या उभ्या अख्खं मासिक वाचून जागेवर ठेवायचं आणि स्टॉलवाल्याच्या शिव्या खायच्या. गाडीतली माणसं कुठून कुठं निघाली, हे बघून जीव तळमळायचा. सगळं जग हैदराबादकडं नाहीतर मुंबईकडं चाललं होतं आणि आपण तेवढे बाकड्यावर.

म्हणून रेडिओ, आणि म्हणून हे मंडळ. सुदर्शनच्या मामाचं टेलरिंगचं दुकान होतं, तिथं दिवसभर रेडिओ चालायचा. बुधवारी दुपारी फर्माइशीची गाणी लागत. गाण्याआधी निवेदिका गोड आवाजात गावाचं नाव घ्यायची आणि मग फर्माइश करणाऱ्यांची नावं वाचायची. तेवढं ऐकायला पोरं शिंप्याच्या कात्रणांवर दाटीवाटीनं बसत. गाणं गेलं उडत हो! गाणं काय, लग्नातल्या बँडवरही ऐकायला मिळायचं. आपलं नाव आलं पाहिजे. मुदखेडच्या पोराचं नाव मुदखेडबाहेर पडायची तेवढी एकच वाट होती.

त्याचेही कायदे होते. पोस्टकार्ड पंधरा पैशाला. एका गाण्यासाठी पंधरा-वीस कार्डं टाकायची, तेव्हा एखादं वाचलं जायचं. वर मंडळाचं नाव, खाली फर्माइश करणाऱ्यांची. पहिलं नाव कुणाचं यावरून मारामाऱ्या होत, कारण वेळ कमी असला की निवेदिका पहिली चार-पाच नावं वाचून "आणि मित्रपरिवार" म्हणून मोकळी होई. घरातली नावं घातलेली चालत, पाळण्यातल्या भाच्याचंसुद्धा. पण दुसऱ्याच्या घरातल्या पोरीचं नाव? नाही म्हणजे नाही. हा कायदा कुणी लिहिला नव्हता. लिहायची गरजच नव्हती.

कार्डं बहुतेक भागवतच लिहायचा, कधीमधी दुसरं कुणी. त्याचं अक्षर मोत्यासारखं. दुसरं काही धड येत नव्हतं बिचाऱ्याला.

शिवगंगा ही वीरण्णाची मुलगी. वीरण्णाच्या घरामागच्या दोन खोल्यांत भागवतचं कुटुंब भाड्यानं राहत होतं. बाप रेल्वेच्या मालधक्क्यावर हमाल, आई पारूबाई, दोन बहिणी, आजी. शिवगंगा पॅसेंजरनं रोज नांदेडला कॉलेजला जायची. त्या गल्लीतून कॉलेजला जाणारी पहिली पोरगी. वह्या छातीशी धरून ती अंगणातून जायची आणि भागवत खिडकीतून बघायचा. यापलीकडं काही नाही. बोलायचं म्हणजे "आईनं सूप मागितलंय" एवढंच.

एका दुपारी कार्डं लिहिता लिहिता त्याच्या डोक्यात किडा वळवळला. आपलं नाव आणि तिचं नाव एका दमात ऐकायला मिळालं तर? वीस कार्डांतलं एक. कशाला वाचतात तेच? पण भागवत भित्रा. भित्र्यांची अक्कल भारी चालते. तिचं नाव आपल्या शेजारी ठेवलं तर लोक ओळखतील, म्हणून त्यानं आधी स्वतःचं लिहिलं, मग रविकांतचं, मग सुदर्शनचं आणि चौथं शिवगंगाचं. फुंकर मारून शाई वाळवली आणि कार्ड स्टेशनवरच्या लाल पेटीत टाकलं.

तीन आठवड्यांनी नेमकं तेच कार्ड वाचलं गेलं.

"मुदखेडहून भागवत, रविकांत, सुदर्शन, शिवगंगा आणि मित्रपरिवार." मामाचं मशीन थांबलं. गाणंही नेमकं विरहाचं लागलं. शेवटची दोन नावं गावाच्या तोंडात अशी काही बसली, की तासाभरात पानटपरीपासून पिठाच्या गिरणीपर्यंत सुदर्शन-शिवगंगा, सुदर्शन-शिवगंगा. सुदर्शन दिसायलाही देखणा. मग पुरावा कशाला पाहिजे?

दुसऱ्या दिवशी वीरण्णा दोन पुतण्यांना घेऊन दुकानात आला. "कुणी लिवलं कार्ड?" त्याची नजर सगळ्यांवरून फिरली आणि भागवतवरून न थांबता पुढं गेली. भाडेकरूचं गरीब पोरगं, त्याची काय छाती! भागवतच्या तोंडाला कुलूप लागलं होतं. सुदर्शननं एकदा, फक्त एकदा, त्याच्याकडं बघितलं आणि त्याला सगळं कळलं.

"म्या लिवलं," सुदर्शन म्हणाला. "ह्यांना कुणाला ठाऊक न्हाई."

वीरण्णानं मामाचा कापड मोजायचा लोखंडी गज उचलला. पाठीवर, दंडावर, मनगटावर. मनगट मोडलं. भागवत दाराशी उभा राहून बघत होता. "मी लिहिलं" हे दोन शब्द, पण ते काही केल्या तोंडाबाहेर पडेनात.

रात्री प्लास्टरमधला हात गळ्यात घेऊन बसलेल्या सुदर्शनला त्यानं विचारलं, "काहून रे?" सुदर्शन म्हणाला, "तुझं नाव आलं असतं तर त्यानं तुमची भांडी अंगणात फेकली असती, येड्या. सहा माणसं कुठं गेली असती?" नंतर महिन्याभरात सुदर्शनला बापानं नांदेडला कामाला धाडलं.

आणि शिवगंगाची वह्या-पुस्तकं पोत्यात बांधून माळ्यावर गेली. दोन महिन्यांत तिचं लग्न लावलं, लांब, किल्लारीकडं. त्या लग्नाच्या पंगतीत भागवतनं बुंदी वाढली. आता काय म्हणावं या माणसाला?

दोन वर्षांनी भागवत लातूरला मिलमध्ये लागला, आणि त्याच सप्टेंबरात भूकंप झाला. सकाळच्या बातम्यांत किल्लारीचं नाव आलं, तेव्हा तो मटकन खाली बसला. तीन दिवस पोटात अन्न गेलं नाही. चौथ्या दिवशी मुदखेडहून आईचा निरोप आला, वीरण्णाची पोरगी बाळंतपणाला माहेरी होती म्हणून वाचली, सासू आणि जाऊ गेल्या. भागवत त्या दिवशी ढसाढसा रडला. कॉलेज आपण मोडलं आणि वर जीवही घेतला असता, हे त्याच्या मनातून नंतर कधीच गेलं नाही. पुढं बत्तीस वर्षं तो लातुरात राहिला, किल्लारी चाळीस-पंचेचाळीस किलोमीटरवर, पण तिकडं फिरकला नाही. स्टँडवर किल्लारीची गाडी लागलेली दिसली, की हा माणूस दुसऱ्या फाटकानं बाहेर पडायचा.

आणि आज ही चौदा हसरी तोंडं! मनगट त्याचं मोडलं, गाव त्याचं सुटलं, आणि हसणंही त्याच्याच नशिबी. भागवतनं ग्रुपवर "मित्रांनो, ते नाव मी" एवढं लिहिलं आणि पुसलं. पुन्हा लिहिलं, पुन्हा पुसलं. शेवटी गच्चीवर जाऊन सुदर्शनला फोन लावला.

"मी भागवत."

"बोल." मागं शिलाईमशीन चालू होतं.

"मी ग्रुपवर खरं काय ते सांगतो. लई झालं आता."

"सांग न्हाईतर नको सांगू. मला काय फरक पडून राहिला?"

"आणि आधी किल्लारीला जाऊन तिला सांगतो. तिची माफी मागतो."

मशीन थांबलं. "तिला नको."

"काहून?"

"नको म्हणलं ना. तिची ती सुखात हाय, राहू दे."

"अरे, तिच्या मनात तुझ्याबद्दल काय असेल! तुझ्यामुळं शिक्षण गेलं म्हणून शिव्याच देत असेल इतकी वर्षं."

"देऊ दे. भागवत, ऐक माझं. नको जाऊ."

भागवतचे डोळे भरून आले. काय मन आहे गड्याचं, अजून आपल्यालाच पाठीशी घालून राहिला, असं त्याला वाटलं. माणूस स्वतःच्या पापानं इतका बेजार झाला, की दुसऱ्याचं बोलणं त्याच्या कानात शिरतच नाही. "मिलचं काम निघालंय, औशाला जाऊन येतो," असं उज्वलाला सांगून तो अकराच्या गाडीत बसला.

औसा गेलं, लामजना गेलं. अख्ख्या वाटेत तो मनाशी वाक्यं जुळवत होता. ती ओरडेल. ओरडू दे. चप्पल काढेल. काढू दे, बरंच होईल. शेजारच्या म्हाताऱ्यानं विचारलं, "पाव्हणं, कुणाच्या मयताला निघालाव का?" भागवत म्हणाला, "न्हाई हो," आणि खिडकीबाहेर बघत राहिला.

किल्लारी म्हणजे भूकंपानंतर नव्यानं वसवलेलं गाव, रुंद रस्ते आणि सारखीच घरं. ती अंगणवाडीत लागल्याचं आई असताना तिच्याकडून कळलं होतं, त्यामुळं अंगणवाडीच्या शिवगंगाबाईंचं घर विचारल्यावर पहिल्याच माणसानं बोट दाखवलं. मालक शेतात गेले होते. ओसरीवर ती तुरीच्या शेंगा सोलत बसली होती. केस पांढरे, चष्मा, अंग थोडं सुटलेलं. भागवत फाटकाशी घुटमळला.

तिनं चष्म्यावरून बघितलं. "पारूबाईचा भागवत न्हवं तू?"

"हाव."

"अगं बाई! ये की, असा परक्यासारखा काय उभा? किती वर्सांनी! आई हाय का?"

"आई जाऊन सहा वर्षं झाली."

"माझी बी गेली, अण्णा बी गेले." तिनं पाणी आणलं, शेंगांचं सूप त्याच्याकडं सरकवलं, लातूरचं विचारलं, पोरंबाळं विचारली. तिचा मुलगा पुण्याला कंपनीत होता, सून गरोदर होती. ती हसत होती. भागवतला ते हसणं सोसेना. पाण्याचा तांब्या खाली ठेवून त्यानं एका दमात सगळं ओकून टाकलं. रेडिओवरचं नाव, कार्ड, शाई, चौथी जागा, सगळं. "ते मी लिहिलं होतं. सुदर्शननं नाही. तुमचं कॉलेज माझ्यामुळं गेलं. मला माफ करा. न्हाई केलं तरी चालेल, पण शिव्या त्याला नका देऊ, मला द्या."

सोललेले दाणे तिच्या हातातच राहिले. ती ओरडली नाही. एवढंच म्हणाली, "तू लिवलंस?"

"हाव."

"सुदर्शनला ठाऊक होतं?"

"आधी न्हाई. तुमचे अण्णा आले तवा माझ्या तोंडाकडं बघून कळलं त्याला."

"मग तो काहून म्हणला, म्या लिवलं?"

आता भागवतला जोर चढला. इतक्या वर्षांनी दोस्ताची बाजू मांडायला मिळाली होती. "माझ्यासाठी! अण्णांनी आम्हाला खोलीतून काढलं असतं ना. माझा बाप, आजी, बहिणी, सगळे रस्त्यावर आले असते. म्हणून त्यानं सगळं अंगावर घेतलं. असा दोस्त मिळायला नशीब लागतं बघा."

"म्हंजी मार त्यानं तुझ्यासाठी खाल्ला," ती म्हणाली.

"हाव ना! तेच तर सांगून राहिलो."

तिनं चष्मा काढून पदरानं पुसला आणि डोळ्यांवर न लावता मांडीवर ठेवला. शेवटी भागवतच चुळबुळला. "काहीतरी बोला की. शिव्या द्या."

"शिव्या कशाला देऊ? त्या बुधवारी मी ज्वारी निवडत होते. रेडिओवर माझं नाव आलं. भ्याले मी, पण खरं सांगू? आनंद बी झाला. इतक्या गोड आवाजात माझं नाव कुणी घेतलंच नव्हतं तवर. मग अण्णांनी पुस्तकं बांधली, लई रडले मी. पण मनात म्हणायचे, एका पोरानं आपल्यासाठी गाणं मागितलं. हाड मोडलं, तरी 'मी न्हवतो' म्हणला न्हाई. त्याच्याशी मी कधी दोन शब्द बोलले नव्हते, बघ. स्टेशनवर दिसायचा तेवढाच." तिनं सुपातली एक शेंग उचलली. "मालक चांगले हैत माझे, त्यांचं काही न्हाई. संसार झाला. भूकंप झाला, पत्र्याच्या शेडात दिवस काढले, एक लेकरू गेलं. लई जड झालं की म्हणायचे, शिवगंगे, तुझ्यापायी कुणीतरी गज खाल्लाय, तू काही अशीतशी न्हाईस."

सुदर्शन "नको जाऊ" का म्हणत होता, ते आत्ता त्याच्या डोक्यात शिरलं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात, तेच करून बसला होता तो, आणि तेही दुसऱ्याच्या घरात येऊन.

"मी ग्रुपवर लिहू का खरं काय ते?" त्यानं कसंबसं विचारलं.

"लिही. त्याच्या डोक्यावर काहून ठिवायचं आता? पण माझं नाव टाकू नको. तवा इचारलं नव्हतंस, म्हणून आता मीच सांगते." ती भिंतीचा आधार घेत उठली. तिचा आवाज चढलाही नव्हता. "चहा ठिवते, पिऊन जा. माझं कॉलेज गेलं ते तवाच गेलं, भागवत. त्याचा राग मी कधीच सोडला. हे एवढंच काय ते माझ्यापाशी राहिलं होतं, अन् ते बी आज तू घेऊन चाललास."